टेकाडावरचं जर्दाळू

"बाबा, उठा. टेकाडावर बसू नये, ही पाटी तुम्हीच रंगवलीत."

"पाटी पाहुण्यांसाठी असते," म्हातारा म्हणाला आणि रोपाच्या आणखी जवळ सरकला.

उंच पठारावरचं ते गवताळ टेकाड म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचं थडगं. भोवती सरकारी कुंपण. राखणीला आधी तो होता, आता त्याची लेक. तिच्या एका हातात खुरपं होतं, दुसऱ्या हातात त्याच्या हृदयाच्या गोळ्या. खुरपं रोप उपटण्यासाठी; साहेब आज पाहणीला येणार होते आणि टेकाडावर झाड दिसलं तर तिची नोकरी गेलीच. गोळ्या मात्र रोज वर यायच्या आणि तशाच घरी जायच्या. "आता कशाला?" एवढंच तो म्हणायचा.

रोप जर्दाळूचं, जेमतेम वीतभर. लेकीच्या आईने जाण्याआधी भरून दिलेल्या शेवटच्या डब्यातलं फळ त्याने इथेच बसून खाल्लं होतं आणि बी थुंकली होती. सगळी नोकरी 'कचरा करू नका' म्हणून लोकांवर खेकसण्यात गेली, आणि स्वतः हे!

"तिच्या हातचं एवढंच उरलंय," तो म्हणाला.

पाटी गेली खड्ड्यात, म्हणत लेकही शेजारी बसली.

"बाबा, आत दोघं आहेत ना? शाळेच्या पोरांना तुम्हीच सांगायचात. शेजारी शेजारी, हातात हात."

"मग?"

"याची मुळं त्यांच्या हातांमधून जातील."

म्हाताऱ्याने गवतावर तळवा टेकला. झोपलेल्या माणसाच्या अंगावर ठेवावा तसा, अलगद.

"आण ते खुरपं. तू धसमुसळी. मूळ तोडशील."

रोप मातीच्या गोळ्यासकट निघालं. लेकीने पिशवीतल्या डब्यातलं आपलं जेवण झाकणात काढलं आणि रिकामा डबा पुढे केला. त्याने रोप डब्यात बसवलं, खड्डा बुजवला, वरचं गवत थोपटून सारखं केलं.

"कुंपणाबाहेर लावू. पश्चिमेला. संध्याकाळी सावली या दोघांवर येईल."

"परवानगी लागेल."

"सावलीला? माझ्या वेळी तरी लागत नव्हती."

तिला हसू आलं. "फळ कधी धरेल?"

"चार-पाच वर्षं तरी. तोवर शेळ्यांपासून राखायला हवं. ते काही तुझ्याच्याने व्हायचं नाही."

आणि त्याने मातीने भरलेला तळहात तिच्यापुढे पसरला. ती नुसती बघत राहिली.

"बघतेस काय? गोळी दे. आणि पाणी. आधी त्याला घाल, मग मला."