पसरणी घाटाची दावेदार

बारशाला आलेल्या अनोळखी गृहस्थाने पाळण्यात वाकून बाळाची पोटरी चिमटीत दाबून पाहिली, तशी मृण्मयीला शिसारी आली.

“रक्तावरून केलेलं भाकीत आहे, ताई. वीस वर्षांनी शर्यतीच्या पसरणी घाटाच्या टप्प्यात पहिल्या तिघींत तुमची ईशान्या! आमच्या सायकल संघाने करारही केलाय.”

“रक्त कुणी दिलं?”

“मी,” नणंद कौतुकाने म्हणाली. “टाचेतून थेंबभरच गं, वहिनी! नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून ईशान्या नावाने सहीही मीच केली.”

जिला अजून मान धरता येत नव्हती, तिचं घाट चढणं विकूनही झालं होतं. मृण्मयीने बाळाला उचललं, पोटरी पदराने पुन्हा पुन्हा पुसली आणि नणंदेला बाजूला सारून बाळाच्या कानात स्वतःच दुसरं नाव सांगितलं.

“ईशान्या नावाचं मूल या घरात नाही,” ती त्या गृहस्थाला म्हणाली. “शोधा कुठं मिळतं ते.”