दगडूचा माळा

"लॉज बंदच करू या," अध्यक्ष मिनोचरशेठ म्हणाले.

लॉज म्हणजे फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाची भुसावळची शाखा. सभासदांखेरीज कुणालाही प्रवेश नसलेली तिची सभा आधी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये भरायची, मग एका बंगल्यात, मग जिनिंगच्या गोदामात. आता गोदामही विकलं गेलं होतं.

दर वेळी त्यांच्या जड खुर्च्या वाहणारा गाडीवान दगडू सपकाळे म्हणाला, "माझा माळा रिकामाच आहे, शेठ."

"पण सभेच्या वेळी तुलाच वर येता येणार नाही!"

"मग बसतो की ओट्यावर."

अकरा वर्षं दर सभेला दगडू स्वतःच्याच घराबाहेर राखण करत बसला.

लॉजची स्वतःची इमारत ठरली, तेव्हा पायाचा दगड बसवायची थापी शेठनी दगडूच्या हातात दिली. दगडूनं ती परत पुढे केली.

"मी तुमच्यातला नाही, शेठ."

"अकरा वर्षं तुझ्या घरात राहिलो. आम्ही तर तुझ्यातले झालो ना?"