डावा हात

मुलांनो, असा एक वर्ग डोळ्यांसमोर आणा बरं. तपासणीला साहेब आले की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा, अशी सरांची शिकवण.

एका तपासणीच्या दिवशी बडबडी नावाच्या मुलीने खरं बोलण्यावरची जुनी कविता साहेबांना घडाघडा म्हणून दाखवली.

"शाब्बास! अर्थ कळला का गं?"

"हो साहेब. म्हणून खरं सांगते, वर्गातले डावे हात खोटे असतात."

सरांची नोकरी गेली. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही हो, पोरी."

नव्या बाईंनी तीच कविता काढली. "अर्थ कुणाकुणाला कळला?"

सगळे हात वर गेले. बडबडीचाही गेला, डावा.