सुहासिनीचे हेल्दी लाडू

श्यामने बाथरूमला आतून कडी घातली आणि साठ पुड्या कोऱ्या टॉवेलवर ओतल्या. नऊ वर्षांची ओवी चेटकिणीची काळी टोपी सावरत दाराला कान लावून उभी होती. बाहेर पोर्चमध्ये सुहासिनी कागदी वटवाघळं टांगत होती. मुलं यायला जेमतेम अर्धा तास उरला होता.

"बाबा, फास्ट! मम्मा विल किल अस."

"तू फक्त दोरे बांध. बाकी मी बघतो."

प्रत्येक खाकी पुडीत नाचणीचा एक लाडू होता. श्याम लाडू काढून पिशवीत टाकायचा आणि त्याच्या जागी दोन चॉकलेटं सरकवायचा. दोन अशासाठी, की पुडीचं वजन हाताला सारखंच लागावं. इंजिनियर माणूस, चोरीसुद्धा मोजूनमापून. चॉकलेटांची पाकिटं त्याने चार दिवस ऑफिसच्या फ्रिजमध्ये लपवली होती.

बायकोला फसवायची त्याला हौस नव्हती. पण मागच्या वर्षी सुहासिनीने आखातातल्या अल रय्यानमधल्या त्यांच्या बंगल्यांच्या कंपाउंडमध्ये 'हेल्दी हॅलोवीन' काढलं. चॉकलेट-गोळ्या बंद. त्याऐवजी खजूर द्या, मखाणे द्या, स्टिकर द्या, अशी लांबलचक यादी तिने ग्रुपवर टाकली आणि स्वतः नाचणीचे लाडू वाटले. मुलांनी त्या लाडवांनी लॉनवर क्रिकेट खेळलं. तीन ओव्हर झाल्या तरी एकही फुटला नाही.

तेव्हापासून ओवीचं नाव 'लाडू गर्ल' पडलं. स्कूल बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसेना. वाढदिवसाला बारा जणींना बोलावलं, दोघी आल्या. यंदा ऑक्टोबर लागला तशी ती उशीत तोंड खुपसून रडली होती. "नो वन विल कम टू अवर डोअर." सुहासिनीने ते ऐकलं, आणि दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर पुन्हा लाडूच जाहीर करून मोकळी झाली. बोललेला शब्द मागे घेईल तर ती सुहासिनी कसली!

लाडूही यंदा तिने एकटीनेच, घरात कुणी नसताना वळले. एक चाखून बघावा म्हणून श्यामने हात पुढे केला तर चापट बसली. "मोजके आहेत," ती म्हणाली. श्यामला मुळीच वाईट वाटलं नाही. गेल्या वर्षीच्या लाडवाने हललेली दाढ अजून अधूनमधून ठणकत होती.

साडेपाचला पहिली टोळी आली. दोन भुतं, एक सांगाडा आणि शेजारच्या हजराभाभींचा आफताब, जो पट्ट्या गुंडाळून ममी होऊन आला होता आणि पायापाशी सुटत चालला होता. सुहासिनीने हसून पुड्या वाटल्या. श्याम खिडकीच्या पडद्याआड उभा. एका जरी आईने पुडी उघडून बघितली असती तर तो मेलाच होता.

पण मुलं आयांपेक्षा हुशार. त्यांनी पुड्या कोपऱ्यावरच फोडल्या, तिथेच फस्त केल्या, आणि घरी विचारल्यावर साळसूदपणे सांगितलं, हेल्दी आंटीचा लाडू खाल्ला. अर्ध्या तासात दारात रांग लागली. सांगाडा दुसऱ्यांदा आला. शेवटी पाच-सहा मुली ओवीचा हात धरून तिला आपल्याबरोबर घेऊन गेल्या, आणि ओवीने जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. श्यामचा जीव भांड्यात पडला.

मग हजराभाभी आल्या. "सुहासिनी, क्या जादू किया? आफताबने एक मिनट में खत्म कर दिया! ये लड्डू तो मैं रोज खिलाऊँगी."

सुहासिनी लाजली. "मुलांना कळतं हो, चांगलं काय ते," ती श्यामला म्हणाली, पण बोलताना त्याच्याकडे न बघता दारावरचं वटवाघूळ सरळ करत राहिली. तिचा चेहरा असा फुलला होता, की श्यामला स्वतःचीच लाज वाटली. बिचारी! साठ लाडू राबून वळले, आणि आपण तिला तिच्याच दारात खोटं पाडलं. खरं सांगून टाकावं असं त्याच्या तीनदा ओठांवर आलं. तिन्ही वेळा त्याने गिळलं.

राहता राहिले लाडू. अन्न टाकून देणं त्याला जमणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन तो रास लफानच्या प्लांटवर नेणाऱ्या कंपनीबसपाशी गेला. बसचे ड्रायव्हर पोपटराव करमाळ्याकडचे. बायकामुलं गावी, आणि हे सहा वर्षं बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत एका खोलीत तिघांबरोबर राहत होते. घरचं म्हटलं की दगडही गोड लागेल असा माणूस.

"पोपटराव, मुलांसाठी केलेले घरचे लाडू आहेत. जरा कडक असतील, सांभाळून खा. आणि कुणाला सांगू नका, बायकोला कळलं तर माझी धडगत नाही."

"आवं, वहिनींच्या हातचं कडक बी चालतंय!"

पोपटरावांनी लाडू तोंडात टाकला. चावता चावता थांबले. मग दुसरा घेऊन तो त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी फोडला, आत निरखून बघितलं, आणि तिसराही फोडला.

"काय झालं? खराब लागतोय?"

"खराब?" पोपटराव खदखदून हसले. "सायेब, वहिनी तुमच्यापरीस लय हुशार! लेकरांनी खावं म्हनून एकेका लाडवाच्या पोटात चॉकलेट दडवलंय की वो!"