हेमांगी परत रुजू झाली

सहा वर्षांनी हेमांगी तांडेल जुन्या कुरिअर कंपनीत परत रुजू झाली. नोकरी सोडताना तिने आपला आवाज आणि स्वभाव वापरायची परवानगी कंपनीला दिली होती. तेव्हापासून ग्राहकांच्या तक्रारी तिची संगणकातली प्रतिकृतीच ऐकत होती.

"अगं हेमांगी, केतकीला मुलगी झाली!" शेजारच्या टेबलावरून वसुधा ओरडली.

हेमांगी आनंदाने वळली, पण वसुधा संगणकाच्या पडद्याकडे बघून बोलत होती. पडद्यातून हेमांगीच्याच आवाजात उत्तर आलं, "म्हटलं नव्हतं मी? उगाच जीव टांगणीला लावून बसली होतीस."

"केतकी कोण गं?" हेमांगीने विचारलं.

"माझी सून." वसुधा ओशाळली. "तुला सगळं सांगितलंय, असंच वाटत राहतं बघ."

दुपारी सगळ्याजणी जेवायला गेल्या. हेमांगीला बोलवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आई कशी आहे?" पडद्यातून आवाज आला.

आईच्या आजारपणासाठीच तिने नोकरी सोडली होती. सकाळपासून हे कुणीच विचारलं नव्हतं.

"गेली. दिवाळीच्या आधी."

"मग आता घरी कोण असतं?"

हेमांगीने डबा उघडला आणि खुर्ची जरा पुढे ओढली.

"कुणीच नाही," ती म्हणाली. "म्हणून तर परत आले."