दसऱ्याची दुर्बीण

तिसरी दुर्बीणही हणमंतरावांनी तळहातावर तोलली, मधलं चाक बोटानं फिरवलं आणि मान हलवली.

"चाक गुळगुळीत आहे. बोट सटकतंय."

"आधी तिच्यातून बघा तरी," तारामती म्हणाली. "चाकाचं काय लोणचं घालायचंय?"

काचीगुड्याच्या या दुकानात तीन वर्षांपूर्वीपर्यंत नुसती घड्याळं दुरुस्त व्हायची. आता सगळा बाजार खुला झाला म्हणे, आणि काचेच्या कपाटात परदेशी कॅमेरे नि दुर्बिणी येऊन बसल्या होत्या.

तारामतीला घाई होती. उद्या खंडेनवमी, परवा दसरा. दसऱ्याच्या सकाळी पालपिट्टा, म्हणजे आपला नीळकंठ, नजरेला पडला की वर्ष सुखाचं जातं, हे हैदराबादेत शेंबडं पोरही सांगेल. लग्न झाल्यापासून दर दसऱ्याला हणमंतराव तिला तारनाक्यापलीकडच्या तळ्यावर नेऊन तो दाखवत आले होते. पाखरांचं त्यांना वेडच होतं.

गेली दोन वर्षं मात्र तळ्याचं नाव नाही. कचेरीत कंप्युटर आले, आता माझं तिथं काय काम, असं म्हणून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, स्कूटर विकली आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले ते बसलेच. पेपरसुद्धा तारामतीनं वाचून दाखवायचा. तुझ्या आवाजात बातमी बरी वाटते, म्हणायचे. पुण्याची लेक राणी फोनवर सांगायची, "आई, बाबांना मनाच्या डॉक्टरला दाखव." धडधाकट माणूस असा बसल्या जागी विझत चाललेला तारामतीला बघवत नव्हता. यंदा ह्यांना नीळकंठ दाखवायचाच, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. लहानशी, खिशात मावणारी दुर्बीण घेऊ, म्हटल्यावर कसेबसे हो म्हणाले होते.

दुकानदार चाचांनी चौथी दुर्बीण काढली. मुठीएवढी, रबराच्या अंगाची, खरखरीत चाकाची.

"आठ गुना दिखाती साब. दस गुनेवाली में हात हिला तो चिडिया बी नाचती."

तेवढ्यात स्टेशनात साडेदहाच्या पॅसेंजरनं शिट्टी दिली. ती थांबेपर्यंत कुणाचंच कुणाला ऐकू आलं नाही.

"दरवाजे पे जाके देखो साब," चाचा म्हणाले. "टेशन की घडी में कित्ते बजे?"

हणमंतराव तारामतीचा हात धरून दारापर्यंत गेले. हल्ली बाहेर पडायची वेळ आलीच तर ते तिचा हात धरूनच चालायचे. तीस वर्षांनी सुचलं म्हणून ती लाजायची, पण हात काही सोडवून घ्यायची नाही.

त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

"साडेदहा. हीच द्या."

चाचा खूश झाले. त्यांनी पुढच्या दोन्ही काचांवर काळी झाकणं बसवली आणि दुर्बीण पिशवीत घातली. "कांच कू उंगली नक्को लगाव अम्मा. दाग पडता."

खंडेनवमीला त्यांच्या घरी हणमंतरावांचं पेन पूजेला मांडायचे. यंदा तारामतीनं पेनाच्या जागी दुर्बीण मांडली. ओल्या हळदीकुंकवाचं बोट पुढं केलं आणि चाचांचं बोलणं आठवून थबकली. मग एकेका झाकणाच्या मधोमध बोट टेकवलं. गॅलरीत बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "झाली बघा पूजा. आता उद्या काही सबब सांगायची नाही."

दसऱ्याला उजाडता उजाडता दोघं रिक्षानं तळ्यावर पोचली. हात धरून दगडी पायऱ्यांवर बसली. हणमंतरावांनी पिशवीतून दुर्बीण काढून डोळ्यांना लावली. चाक पुढंमागं फिरवत राहिले. तारामती पाण्याकडं बघत बसून राहिली. नको तो हट्ट केला का, असं तिला वाटायला लागलं.

"टिटवी," ते म्हणाले. "पलीकडच्या काठाला."

तिनं पाहिलं. काठाला टिटवी टिवटिवत तुरुतुरु पळत होती.

"खंड्या. डावीकडं."

तारेवर खंड्या चिरकत बसला होता. तारामतीला हसू आलं. दोन वर्षांनी हा आवाज ऐकत होती ती, पूर्वीचा, रुबाबातला. तिची नजर ते सांगतील तिकडं नुसती धावत होती.

मग झाडीत काहीतरी कर्कश खरखरलं. हणमंतराव ताठ झाले.

"तारा, पालपिट्टा. समोर, जरासा उजवीकडं."

वाळक्या फांदीवर तो खरंच होता. तिनं हात जोडले तोवर फडफडून उडाला, आणि पंखांचा निळा रंग तिच्या डोळ्यांत भरून राहिला.

"तुम्हाला दिसला ना नीट?"

"दिसला की. निळाभोर. उडाला बघ आता."

तारामतीला रडू फुटलं. तिनं ते अडवलंही नाही. माणूस परत आला होता तिचा. घरी जाताना आधी राणीला फोन करायचा, म्हणावं तुझा डॉक्टर राहू दे तुझ्यापाशी.

"आणा इकडं," ती डोळे पुसत म्हणाली. "मलाही बघू द्या जरा."

त्यांनी दुर्बीण तिच्या हातात दिली. तिनं ती डोळ्यांना लावली. सगळा अंधार होता.

"काहीच दिसंना हो."

"चाक फिरव," हणमंतराव तळ्याकडं तोंड करून म्हणाले. "मलाही आधी अंधुकच दिसत होतं. हळूहळू साफ होतं."

तिनं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग दुर्बीण खाली घेतली आणि उलटी करून पाहिली.

दोन्ही काळी झाकणं जागच्या जागी घट्ट बसलेली होती, आणि त्यांच्यावर तिनंच काल लावलेलं हळदकुंकू जराही फिसकटलेलं नव्हतं.