चिंतामणींच्या लग्नाला हरकत

"हरकत आलीय, काका," विवाह नोंदणी कार्यालयातला कारकून म्हणाला. "आज लग्न होत नाही."

चिंतामणी चाट पडले. शेजारी बकुळा पर्समध्ये काहीतरी शोधत होती. नोटीस महिनाभर बोर्डावर होती, पण डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीत तर सगळे या दोघांना नवरा-बायकोच समजत. मग हरकत घेणार कोण?

लग्न मात्र झालंच नव्हतं. कॉलेजात असताना ग्रंथालयात चिंतामणींची गाठ विल्यम ग्रीनशी पडली. एकोणिसाव्या शतकातला हा अमेरिकन आधी फौजेत होता, मग धर्मोपदेशक झाला, आणि पुढे बँकांच्या मुळावर उठला. लोकांनी एकमेकांच्या भरवशावर कर्ज द्यावं-घ्यावं, मध्ये सावकार कशाला, असं त्याचं म्हणणं. मग दोन माणसांच्या मध्ये सरकार तरी कशाला, ही पुढची पायरी चिंतामणी स्वतःच चढले. गिरगाव चौपाटीवर त्यांनी हे सगळं बकुळाला सूर्य बुडेपर्यंत समजावलं. ऐकून ती जी त्यांच्या खोलीवर आली, ती आलीच. ना भटजी, ना सही.

पुढे चिंतामणी सरकारी बँकेत चिकटले. तत्त्व तत्त्वाच्या जागी. पण गेल्या दिवाळीत छातीत कळ आली आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण गेलो तर पेन्शन बकुळाला मिळायची नाही. बायको कोण, हे शेवटी सरकारच ठरवतं. त्यांनी अर्ज आणला, भरला आणि तिच्यापुढे सरकवला. "इथे सही कर." तिने केली.

"कोणाची हरकत?" त्यांनी विचारलं.

कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला. "वधूची."

"अगं, सही केलीस ना तू?"

"केली. तू सांगितलंस म्हणून." बकुळाने पर्स मिटली. "तेव्हा व्याख्यान दिलंस, आता फॉर्म दिलास. चाळीस वर्षांत मला विचारलंस कधी?"

कारकुनाने पेनला टोपण लावलं. मागच्या बाकावरची मुंडावळ्या बांधलेली जोडी कान देऊन ऐकू लागली. चिंतामणींनी ग्रीनचा हवाला द्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग मान खाली घालून पुटपुटले, "बकुळा, लग्न करशील माझ्याशी?"

"जरा मोठ्याने," बकुळा म्हणाली. "सरकारलाही ऐकू जाऊ दे."